मानवाकृतीतली प्रगती पहिल्या पाच मिनिटांत दिसते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दहावी-बारावीचे निकाल लागले की कलाशिक्षकांकडे पालकांची ये-जा वाढते. हातात मुलाची वही असते आणि वहीत नटनट्यांचे, क्रिकेटपटूंचे, छत्रपतींचे पेन्सिलीने छायांकित केलेले चेहरे. पापणीचा केस न् केस काढलेला, डोळ्यातली चमक खोडरबराने नेमकी उचललेली. मुलाला या क्षेत्रात पाठवावे का, असा प्रश्न असतो. या चित्रांमागची चिकाटी खरी असते आणि तिचे कौतुक व्हायलाच हवे. पण ही चित्रे बहुतेक वेळा मोबाइलवरच्या फोटोवर चौकोन आखून, तेच चौकोन कागदावर उतरवून केलेली असतात. मुलाला माणूस काढता येतो की नाही, हे त्यांवरून कळत नाही. ते पाहायचे असेल तर त्याच्यासमोर कुणाला तरी उभे करावे, हातात चारकोल द्यावा आणि पाच मिनिटांनी कागद पाहावा. पुढचे दोन तास तो छायांकनात घालवील. चित्र उभे राहणार की पडणार, हे मात्र त्या पाच मिनिटांतच ठरलेले असते.

मानवाकृती शिकताना विद्यार्थी कुठे अडतो, का अडतो आणि पुढे सरकला हे कशावरून ओळखायचे, याबद्दल पालकांत आणि खुद्द विद्यार्थ्यांतही बरेच गैरसमज आहेत. म्हणून हे पत्र जरा तपशिलात लिहीत आहोत.

सुरुवात बसण्याच्या जागेपासून करू. उभी आकृती एका नजरेत मावायची तर तिच्या उंचीच्या अडीच-तीन पट लांब उभे राहावे लागते. म्हणजे साडेपाच फुटांच्या माणसासाठी चौदा-सोळा फूट. वर्ग लहान असेल तर मॉडेलला जमिनीवर किंवा बुटक्या स्टुलावर बसवावे, पण सहा फुटांवरून उभी आकृती काढायला लावू नये. इतक्या जवळून विद्यार्थी डोके पाहताना मान वर करतो, पाय पाहताना खाली घालतो आणि दोन वेगवेगळ्या कोनांतून पाहिलेला माणूस एकाच कागदावर जोडतो. बोर्ड इझलवर (चित्राच्या उभ्या घोडीवर) किंवा डाँकीवर (बसून काढायच्या बाकासारख्या घोडीवर) जवळजवळ उभा ठेवावा. मांडीवर आडवा बोर्ड घेऊन काढलेली आकृती भिंतीवर टांगली की लांबट दिसते, कारण काढताना कागदाचा वरचा भाग डोळ्यापासून लांब आणि आखडलेला दिसत असतो. त्याची भरपाई हात नकळत करतो.

कागद मोठा हवा. अर्धा इंपीरियल, म्हणजे 15 बाय 22 इंच, हा कमीत कमी. झटपट सरावाला महागडा कार्ट्रिज, म्हणजे चित्रकलेचा जाड कागद नको, वर्तमानपत्राचा कोरा कागद उत्तम. त्यावर विलोच्या काड्यांचा मऊ कोळसा, म्हणजे विलो चारकोल, सरकतो आणि फडक्याने पुसलाही जातो. पेन्सिल वापरायची तर मऊ, 4बी किंवा 6बी. सुरुवातीला एचबी नको. कठीण, टोकदार पेन्सिल हाती आली की विद्यार्थी मनगटातून काढू लागतो, रेघ दोन-दोन सेंटिमीटरच्या तुकड्यांत येते आणि कडेला केसाळ झालर दिसू लागते. आकृतीची मुख्य रेघ खांद्यातून यायला हवी.

पहिल्या पाच मिनिटांत काय करायचे? आधी चारच खुणा: डोक्याचा माथा, टाचांची पातळी, त्यांचा मध्य आणि वजन पडणारा पाय. आकृतीचे पाय कागदाबाहेर जाणे ही पहिल्या महिन्यातली सर्वांत मोठी तक्रार. तिचे कारण एकच, विद्यार्थी डोळ्यापासून सुरुवात करतो. चेहऱ्यात जीव गुंततो, डोके वाढते, त्याच मापाने खाली उतरताना गुडघ्यापाशी कागद संपतो. मग उरलेल्या चार इंचांत नडगी आणि पाऊल कोंबले जाते. वर-खालची खूण आधी केली की ही अडचण आठवड्याभरात जाते.

माप घेताना हात कोपरात ताठ, एक डोळा मिटलेला आणि पेन्सिल डोळ्याच्या रेषेला काटकोनात. कोपर जरा वाकले तरी पेन्सिल डोळ्याजवळ येते आणि माप बदलते. वर्गात निम्म्याहून अधिक चुकीची मापे यामुळेच येतात. पेन्सिलीऐवजी विणकामाची सुई किंवा छत्रीची काडी वापरली तर टोक अधिक नेमके धरता येते. दुसरे साधन गवंड्याचा ओळंबा. दोऱ्याला एखादा नट बांधला तरी काम होते. गळ्याच्या खळगीतून ओळंबा सोडला की तो कुठून जातो ते पाहायचे: नाभीच्या डावीकडून की उजवीकडून, गुडघ्याच्या आतून की बाहेरून, कोणत्या घोट्यावर. या एका दोऱ्याने जितक्या चुका सुटतात तितक्या शरीररचनेच्या जाड पुस्तकाने सुटत नाहीत.

प्रमाणांची कोष्टके पाठ करण्यावर आपल्याकडे फार भर आहे. कोष्टक हवे, पण ते पडताळ्यासाठी. सामान्य प्रौढ माणूस सात ते साडेसात डोकी उंच असतो, म्हणजे स्वतःच्या डोक्याच्या उंचीच्या तितके पट. पुस्तकातली आठ डोक्यांची आकृती हा आदर्श आहे, समोर बसलेला भाजीवाला तसा असेलच असे नाही. उभ्या शरीराचा मध्य कमरेशी येत नाही, तो जांघेशी, जघनाच्या हाडापाशी येतो. हात सरळ सोडला तर कोपर कमरेच्या पातळीला, मनगट जांघेच्या पातळीला आणि बोटांची टोके मांडीच्या मध्याला पोचतात. डोळे डोक्याच्या उंचीच्या बरोबर मध्यावर असतात. नवखा विद्यार्थी ते वर सरकवतो, कारण कपाळावरच्या आणि टाळूवरच्या रिकाम्या जागेकडे त्याचे लक्षच नसते.

आपल्या परंपरेत हे माप तालावर बांधलेले आहे. एक ताल म्हणजे बारा अंगुळे, चेहऱ्याची केसांच्या कडेपासून हनुवटीपर्यंतची लांबी. तेवढीच लांबी मनगटापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत भरते. विष्णुधर्मोत्तर पुराणातल्या चित्रसूत्रात, म्हणजे चित्रकलेवरच्या भागात, हंस या जातीचा पुरुष 108 अंगुळे सांगितला आहे, तो याच हिशेबाने नऊ ताल होतो. अनेक विद्यार्थी ताल आणि डोके एकच समजतात आणि नऊ डोक्यांची आकृती काढून बसतात. ताल चेहऱ्याचा आहे, त्यात टाळू धरलेली नाही. या मापाचा रोजच्या कामात थेट उपयोग आहे. विद्यार्थ्याने आपला तळहात आपल्याच चेहऱ्यावर ठेवून पाहावा, हनुवटीपासून कपाळाच्या वरच्या कडेपर्यंत तो पोचतो. मग आपल्या चित्रातला हात चित्रातल्याच चेहऱ्यावर मापून पाहावा. दहांपैकी आठ चित्रांत तो नाकापर्यंतच पोचतो. हात-पाय लहान आणि डोके मोठे, ही चूक वर्षानुवर्षे टिकते.

मुलांच्या बाबतीत तर फारच गफलत होते. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या स्मरणचित्रांत आईचे बोट धरून चाललेले मूल हमखास असते आणि ते लहान केलेला प्रौढ माणूस असते. वर्षाचे मूल साधारण चार डोक्यांचे, पाच-सहा वर्षांचे साडेपाच डोक्यांच्या आसपास. मान जवळजवळ दिसत नाही, मध्यबिंदू नाभीकडे सरकलेला असतो. एवढे सांभाळले तरी मूल मूल दिसते.

आता वजन. आमच्या मते मानवाकृतीतली खरी पायरी हीच आहे आणि सर्वांत जास्त वेळ इथे द्यावा. माणूस क्वचितच दोन्ही पायांवर सारखा उभा राहतो. एका पायावर भार टाकला की त्या बाजूचे कमरेचे हाड वर उचलले जाते, दुसऱ्या बाजूचे खाली येते. तोल सांभाळण्यासाठी छातीचा पिंजरा उलट झुकतो आणि भाराच्या बाजूचा खांदा खाली उतरतो. भाराच्या बाजूला कमरेवर घडी पडते, दुसरी बाजू ताणली जाते. समोरून पाहिले तर गळ्याची खळगी भाराच्या पायाच्या आतल्या घोट्याच्या सरळ वर येते. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातले पद्मपाणी बोधिसत्त्वाचे भित्तिचित्र पाहा. मान, धड आणि कंबर तीन वेगवेगळ्या दिशांना वळूनही आकृती स्थिर वाटते. जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली 1872 पासून पुढे बरीच वर्षे सर ज. जी. कला शाळेतले विद्यार्थी तिथे जाऊन नकला करत होते. त्यांना हा तोल हाताने गिरवावा लागला. आजच्या विद्यार्थ्यानेही त्रिभंगाचे, म्हणजे असे तीन ठिकाणी वळलेले, एखादे शिल्प समोर ठेवून फक्त दोन तिरप्या रेघा काढाव्यात, एक खांद्यांची, एक कमरेची. त्या कुठे मिळतात ते पाहिले की वजन कुठल्या पायावर आहे हे कळते, कारण रेघा भाराच्या बाजूला जवळ येतात.

भार बाहेरचा असला की हिशेब बदलतो. मूल कडेवर घेतलेली बाई कंबर मुलाच्या बाजूला काढते आणि धड दुसरीकडे कलते. डोक्यावर हंडा असेल तर मान आणि कणा हंड्याखाली सरळ राहतात, हलतात त्या फक्त कंबर आणि हात. पोत्याखालचा हमाल गुडघ्यात वाकून धड पुढे टाकतो. हे न पाहता काढलेला हंडा डोक्याला चिकटवलेला दिसतो. विद्यार्थी मग हंड्यावर चकाकी घालत बसतो आणि दोष तसाच राहतो.

वजन जमले की तीन घन आकार: कवटी, छातीचा पिंजरा, कटिबंध (कमरेच्या हाडांचा सांगाडा). हे तिन्ही हाडाचे, स्वतः न वाकणारे. वाकते ते त्यांच्या मधले, म्हणजे मान आणि कंबर. विद्यार्थी धड एकच पिशवी समजून काढतो तेव्हा आकृती वळत नाही. हाडांच्या काही जागा जाड-बारीक सगळ्यांमध्ये त्वचेलगत सापडतात. गळ्याची खळगी, कॉलरबोनची बाहेरची टोके, बरगड्यांची खालची कमान, कमरेच्या हाडाची पुढची दोन टोके, गुडघ्याची वाटी, घोटे. पाठीमागून मानेच्या तळाशी वर आलेला सातवा मणका, खांद्याच्या पाळ्यांच्या (पाठीवरच्या चपट्या हाडांच्या) आतल्या कडा आणि कमरेखालच्या दोन खळग्या. आधी या खुणा, मग त्यांना जोडणारे मांस.

पाय हा उपेक्षित भाग आहे. पायाला दोन समांतर रेघा मारून खांब केला जातो. समोरून पाहता मांडी वरून खाली आत झुकते. पोटरीचा बाहेरचा फुगवटा वर असतो, आतला खाली. घोट्यांचे उलटे, आतला वर, बाहेरचा खाली. बाजूने पाहता मांडीचा फुगवटा पुढे आणि पोटरीचा मागे, त्यामुळे पाय किंचित नागमोडी दिसतो. एवढ्या चार गोष्टींनी पायात जीव येतो. हाताच्या बाबतीत कोपराखालची दोन हाडे लक्षात ठेवावीत. तळवा वर असताना ती समांतर असतात, तळवा खाली वळवला की एक दुसऱ्यावरून जाते आणि हाताचा सगळा घाट बदलतो. बोटे शेवटी. आधी पंजा एक सपाट घन, अंगठ्याचा वेगळा तुकडा, मग बोटांचा एकत्र पंखा.

इथे पालकांना एक गोष्ट आवर्जून सांगायची आहे. साधारण दुसऱ्या वर्षी विद्यार्थी स्नायूंचा अभ्यास सुरू करतो आणि त्याची चित्रे बिघडतात. आधी सहज येणारी आकृती ताठर होते, दंडावर आणि पाठीवर गाठी दिसू लागतात. माहीत झालेला प्रत्येक स्नायू त्याला दाखवायचा असतो, मग तो समोर दिसो वा न दिसो. ही घसरण तात्पुरती आहे. या काळात रोज पंधरा-वीस मिनिटे एक मिनिटाच्या आकृत्या चालू ठेवल्या तर लय टिकते आणि काही महिन्यांनी ज्ञान रेघेत मुरते. नेमक्या याच काळात घाबरून मुले पुन्हा फोटोच्या नकलांकडे वळतात. शिक्षकाने त्यांना तिथे थांबवायला हवे.

लघुदर्शनाचे, म्हणजे आपल्या दिशेने येणारा अवयव आखूड दिसण्याचे, नाव काढले की विद्यार्थी धास्तावतात. मॉडेल पाय आपल्याकडे करून आडवा पडला की मांडी पाहताना डोळ्याला चार बोटे दिसते, पण मन म्हणते मांडी लांब असते. हात मनाचे ऐकतो. चित्रसूत्रात यासाठी क्षय आणि वृद्धी असे शब्द आहेत, म्हणजे हा प्रश्न नवा नाही. उपाय कोरडा आहे. पावलाची उंची आणि डोक्याची उंची पेन्सिलीने मापून कागदावर आधी मांडायची आणि पटली नाही तरी बदलायची नाही. मग कोणता आकार कुणाच्या पुढे आहे ते कडांच्या छेदांतून दाखवायचे. पोटरीची कड मांडीच्या कडेला अडवते, मांडीची कड पोटाला. छायांकनाची गरज पडण्याआधीच खोली दिसू लागते.

छायांकनाबद्दल थोडकेच. दिवा एकच, वरून बाजूने; उरलेल्या खिडक्या बंद. डोळे किलकिले करून फक्त दोन भाग करायचे, उजेड आणि सावली. उजेडातली सर्वांत गडद छटा सावलीतल्या सर्वांत फिक्या छटेहून उजळच राहिली पाहिजे. परावर्तित प्रकाश पांढरा ठेवण्याचा मोह टाळावा, त्याने हात-पाय पत्र्याचे वाटतात. आणि चुकलेली रेघ लगेच खोडू नये. बरोबर रेघ शेजारी आली की मगच ती पुसावी, नाहीतर तीच चूक त्याच जागी पुन्हा येते.

फोटोवरून शिकण्याला आमचा विरोध का आहे, हेही स्पष्ट करतो. मोबाइलचा कॅमेरा रुंद कोनाचा असतो. पाच-सहा फुटांवरून, डोळ्याच्या उंचीवरून घेतलेल्या फोटोत डोके मोठे आणि पाय लहान येतात. विद्यार्थ्याची जी मूळ चूक आहे, तिला फोटो दुजोरा देतो. शिवाय सावल्यांत तपशील बुडतात, कडा सगळीकडे सारख्या धारदार दिसतात आणि वजन कुठे आहे हे पाहण्यासाठी बाजूला सरकून बघता येत नाही. फोटो वापरणे अटळच असेल तर कॅमेरा कमरेच्या उंचीवर धरून, बारा-पंधरा फुटांवरून, दुप्पट झूम करून घ्यावा.

जिवंत माणसे मात्र सगळीकडे आहेत. एसटी स्टँडवर गाडीची वाट पाहणारी माणसे पाच-सात मिनिटे एका स्थितीत बसतात. आठवडी बाजारात उकिडवे बसलेले विक्रेते तासभर हलत नाहीत. नऊवारीतली बाई ही तर शिकण्याची पर्वणी, कारण काष्ट्यामुळे मांडी आणि पोटरीची दिशा कपड्यातूनही कळते. चुण्या खांदा, कंबर, गुडघा अशा ताणाच्या जागांवरून निघतात. त्या जागा आधी शोधल्या तर चुण्यांचे जंगल होत नाही. आमच्या कोल्हापुरात तालमी आहेत. वस्तादांची परवानगी घेऊन कोपऱ्यात बसले तर लंगोटातला पैलवान जोर काढताना खांद्याची पाळी कशी सरकते, हे जितके दिसते तितके कोणत्याही तक्त्यात दिसत नाही.

कलामहाविद्यालयांच्या वेळापत्रकाबद्दल आमचे म्हणणे असे. मॉडेलसमोर आठवड्यातून निदान दोन सलग सत्रे असावीत, प्रत्येकी अडीच तासांची. सुरुवातीला एक मिनिटाच्या दहा स्थिती, मग दोन मिनिटांच्या पाच, पाच मिनिटांच्या चार, वीस मिनिटांच्या दोन आणि शेवटी पाऊण तासाची एक बैठी, मधल्या विश्रांतीसह. आजकाल अनेक ठिकाणी एकच स्थिती तीन-चार दिवस चालते. विद्यार्थी पहिल्या अर्ध्या तासात आकृती मांडतो आणि उरलेले दिवस ती घोटतो, त्यामुळे मांडणीचा सराव वर्षभरात मोजका होतो. गुण देतानाही पूर्ण झालेल्या चित्रासोबत तारखा घातलेली झटपट रेखाटने मागवावीत. जूनमधली वीस आणि डिसेंबरमधली वीस शेजारी ठेवली की प्रगती कुणालाही वाचता येते.

आणि मॉडेल म्हणून बसणाऱ्या माणसांचा विचार व्हावा. वीस मिनिटे न हलता उभे राहणे हे अंगमेहनतीचे काम आहे. दर वीस मिनिटांनी पाच मिनिटे विश्रांती, पावलांच्या जागेवर खडूची खूण म्हणजे परत उभे राहताना त्रास नको, पंखा, पिण्याचे पाणी, कपडे बदलायला आडोसा, वर्गात मोबाइल पूर्ण बंद आणि मानधन त्याच दिवशी हातात. विवस्त्र अभ्यास जिथे चालतो तिथे स्त्री मॉडेलसोबत एक जबाबदार स्त्री कर्मचारी असलीच पाहिजे आणि वर्गाचे दार मध्येच उघडता कामा नये. मॉडेल मिळत नाहीत, अशी ओरड सर्वत्र ऐकू येते. या साध्या सोयी जिथे आहेत, तिथे तीच माणसे वर्षानुवर्षे येत राहतात आणि कोणती स्थिती किती वेळ धरता येईल हे नव्या शिक्षकालाही तीच सांगतात.

आपले,
चित्रकला शिकवणारे काही शिक्षक,
कोल्हापूर